मावशींचा खाडा

नवरा अंघोळीला गेला होता आणि ओट्यावरचा त्याचा फोन टिंगटिंग करून हेमांगीचं डोकं उठवत होता. तो गप्प करायला म्हणून तिने उचलला, तर समोर तिच्याच भरल्या वांग्यांचा फोटो! गेला महिनाभर तो रोज ताटाचा फोटो काढायचा आणि ही वेडी मनातल्या मनात सुखावायची.

फोटोखाली कुणा बाईने विचारलं होतं, "ताट वाढणारा हा बांगड्यांचा हात कुणाचा हो?" नवऱ्याने लिहिलं होतं, "स्वयंपाकाच्या मावशींचा. एकट्या माणसाला दुसरं कोण आहे?" पुढे लालभडक बदामांची रांग.

तो डोकं पुसत बाहेर आला. तिच्या हातात फोन बघून म्हणाला, "अगं, ऑफिसातली आहे. रेसिपी विचारत होती." हेमांगीने फोन त्याच्यापुढे धरला.

"बरं, ऑनलाइन ओळख झालीय. पण बोलणं फक्त जेवणाचंच."

तिने बदामांवर बोट ठेवलं.

"मस्करी गं ती! तू पण ना, राईचा पर्वत करतेस."

अंगावरचं पाणी वाळायच्या आत तीन थापा! वांगी हिने भरायची, मसाला हिने वाटायचा, आणि मावशीही हीच? हेमांगीने अर्धी लाटलेली पोळी तशीच पोळपाटावर टाकली, गॅस बंद केला, हात धुतले आणि पर्स खांद्याला लावून चपला घातल्या.

"अगं, माझा डबा?" तो दारापर्यंत धावत आला.

"आज मावशींचा खाडा आहे, साहेब," ती म्हणाली. "उद्या येतील का, ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही."