मऊ अस्तर

वर्ल्ड कपच्या बंदोबस्ताला महिना उरला होता. साध्या वेशातल्या त्या पोलिसाला पिस्तूल शर्टाखाली, पोटाशी लपवायचं होतं. चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या इरशादनं शिवलेली, पिस्तूल अडकवायची दोन होल्स्टर बसल्यावर टोचतात म्हणून परत आली होती. तिसऱ्याची कड त्यानं घासून घासून गुळगुळीत केली, आतून मऊ अस्तर लावलं.

दुसऱ्याच दिवशी पोलीस पुन्हा दुकानात हजर. होल्स्टर त्यानं काउंटरवर आपटलं. इरशादनं ते उचलून कडेवरून बोट फिरवलं.

"अजून टोचतंय, साहेब?"

"टोचत नाही, तेच तर! काल घरी गेलो, मुलीनं धावत येऊन कमरेला मिठी मारली. तिचं कपाळ आपटलं, तेव्हा आठवलं पिस्तूल लावलंय ते."

इरशादनं अस्तर उसवायला घेतलं.