उजव्या दारातली माता

झेनोनने किल्ली फिरवली आणि जपानहून आणलेल्या जुन्या मिनीबसच्या डॅशबोर्डमधल्या यंत्रातली जपानी बाई बोलली. एकच वाक्य, थंड आवाजात.

"ऐकलंस दादा?" झेनोन हसला. "हीसुद्धा तेच म्हणते. 'सुखरूप जा, सुखरूप ये.' तुझ्या पहिल्या गाडीची सख्खी बहीण!"

फोर्तुनातोने मान डोलावली. या दुसऱ्या गाडीच्या बदल्यात तो एल आल्तो शहरातला एकुलता एक प्लॉट धाकट्या भावाला लिहून देणार होता. कागद सीटवर तयार होता.

बेनिता नवऱ्याच्या मागे उभी होती. पहिली गाडीही त्यांनी दिराकडूनच घेतली होती. फार चाललेली नाही, असं तो तेव्हाही म्हणाला होता. ती चढावर तापायची, उतारावर ब्रेक धरायची नाही. गाऱ्हाणं नेलं की झेनोन म्हणायचा, "पूजेच्या वेळी चाकांवर बिअर ओतताना हात आखडलात. धरतीला कळतं ते." बेनिताने तीनदा गाडीला फुलं वाहिली, तीनदा बिअर ओतली. गाडी तापतच राहिली.

आणि त्या गाडीतली ती बाई. आशीर्वाद देणारं माणूस असं बोलतं? बेनिताला तो आवाज सरकारी खिडकीमागच्या बाईसारखा वाटायचा. जपानीची शिकवणी लावायला ना वेळ होता, ना पैसा. दोन फेऱ्यांच्या मधे ती मोबाइलवरून एकेक शब्द शिकली. मुलीच्या जुन्या वहीत अक्षरं गिरवली. टायर, तेल, दरवाजा. आठ महिने गेले. कुणाला कळू दिलं नाही.

"भावजी," ती म्हणाली, "कार्ड घातलेलं नाही, असं म्हणतेय ती. टोलनाक्याचं कार्ड. बाकी काही नाही."

झेनोन म्हणाला, "वा! वहिनी जपानी झाल्या! दादा, आता काड्यांनी जेवायला शीक."

फोर्तुनातोही हसला. त्याने पेनचं टोपण काढलं.

बेनिता गाडीला वळसा घालून गेली. स्टीअरिंग इथे आल्यावर डावीकडे हलवलं होतं. जपानी ड्रायव्हर ज्या दाराने चढायचा ते उजवं दार तिने उघडलं. आतल्या कडेला कोपाकबानाच्या मेरीमातेचं चित्र चिकटवलेलं होतं. नवं कोरं. लोक मातेचं चित्र पुढच्या काचेवर लावतात. दार लावल्यावर दिसणारच नाही, अशा जागी कोण लावतं?

तिने कोपऱ्याला नख लावलं.

"वहिनी!" झेनोनचा आवाज चढला. "मातेला नख लावू नये. पाप लागतं."

चित्र सोलून निघालं. खाली पिवळी जपानी चिठ्ठी होती. बेनिताने बोट फिरवत सावकाश वाचलं, "तेल बदललं. तेव्हाचे किलोमीटर, तीन लाख बारा हजार."

मीटरवर ब्याऐंशी हजार होते.

फोर्तुनातोने पेनला टोपण लावलं.

"चला," बेनिता त्याला म्हणाली. "आपल्या गाडीच्या दारातही एक माता आहे."