पौषातली कणीक

"मले कायले पाहिजे तिसरी सुई?" खेमसिंग महाराज देवळाच्या खांबाला टेकून म्हणाले. "दोन घेतल्या. मग कोरोना होऊनबी गेला. आता अंगातच बसली लस. देवाच्या हातची."

सभामंडपात तांड्यातली पंधरा-वीस म्हातारी माणसं बसली होती. कळंबहून आलेली सिस्टर लसींचा निळा डबा घेऊन तयार होती. पण उठत कोणीच नव्हतं. सगळ्यांचे डोळे महाराजांकडे. श्रावणाचं कीर्तन आज संध्याकाळी त्यांचंच होतं, आणि महाराज बोलले की तांडा ते घरी नेऊन पाळायचा.

"सुईले भेता का महाराज?" कांताबाई पदराआडून म्हणाली. दोघीतिघी हसल्या.

आरोग्य खात्याचं 'आशा'चं काम करणारी उज्ज्वला याच तांड्यातली लेक. ती महाराजांसमोर खाली बसली. "काका, होऊन गेला त्याची ताकद अंगात राहते, मी नाही कुठं म्हणतो? पण ते कमी कमी होत जाते. आजाराचीबी अन् सुईचीबी. तुमी सत्तरीले आले. हे सारे तुमच्याहून मोठे. तुमी उठले तं हे उठतील."

"कमी? आयक." महाराजांनी डोळे मिटले आणि बसल्या जागी नामाचा एक लांब सूर लावला. सूर मंडपभर फिरून परत आला. म्हाताऱ्यांचे हात आपोआप जुळले. "दिसलं का कुठं कमी? अन् मले झाला तेव्हा तरी काय झालं? दोन दिवस सर्दी. कीर्तनबी सोडलं नाही मी."

"हो. तुमाले दोन दिवस."

दारात मानीबाई उभी होती, गुलाबसिंग मृदंग्याची बायको. हातात वाटी, वाटीत ओल्या कणकेचा गोळा.

पौषातल्या त्या कीर्तनात गुलाबसिंग महाराजांच्या डाव्या हाताला, अगदी हातभर अंतरावर बसला होता. तेराव्या दिवशी तो गेला.

"भाभी, तुमी?" महाराजांचा आवाज उतरला.

"संध्याकाळी बाभुळगावचा मृदंगी येऊन राह्यला ना. त्याले कणीक लागन." मानीबाई आत आली. डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय मृदंग घुमत नाही. ती भिजवायचं काम लग्न झाल्यापासून तिचंच.

खुंटीवरचा गुलाबसिंगचा मृदंग तिने उतरवला. फडकं सोडलं आणि तो महाराजांच्या पुढ्यात ठेवला. डाव्या तोंडावर कणकेची चकती तशीच होती. वाळून दगड झालेली, कडेने भेगाळलेली.

"आज काढतो, उद्या काढतो म्हणता म्हणता ताप भरला त्याहिले. काढाची राहून गेली," ती म्हणाली. "वाजवून पाहा."

महाराजांनी तळहात मारला. ठक्क.

"लावली होती ना?" मानीबाईने विचारलं. "म्याच भिजवली होती. मग बोलत काहून नाही?"

महाराजांनी मृदंगावरचा हात मागे घेतला.

"एकदा लावली म्हणून जन्माची होत नाही, महाराज. दर कीर्तनाले नवी लावा लागते. तुमच्या डाव्या हाताले आज कोणाचा तरी माणूस बसन."

मग महाराजांनी उपरणं काढून मांडीवर ठेवलं, बाही वर केली आणि सिस्टरसमोर जाऊन बसले. सुई टोचली तेव्हा त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मागे काठ्या वाजल्या. आधी कांताबाई उठली, मग तिच्यामागे एकेक जण.

दंडावर कापूस धरून महाराज मृदंगाजवळ परतले. एका हाताच्या नखाने ती वाळकी कणीक खरवडू लागले. दोन खपल्या निघाल्या. तिसऱ्या जागी नख थांबलं. तिथे कणकेत गुलाबसिंगच्या चार बोटांचे ठसे होते, थापताना उमटलेले.

महाराजांचा हात तिथेच राहिला. नाम घ्यायला त्यांनी तोंड उघडलं, पण सूर लागला नाही.

मानीबाईने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"पाणी लावा, महाराज," ती हळू म्हणाली. "कोरडं खरवडलं तं चामडं फाटते."