एक पोतं कमी

जीप घाटाच्या उताराला लागली आणि अंजनाचा फोन आला.

“आवं, वाळूचं एक पोतं हितं गोठ्यातच पडलंय. अन् मगाधरनं आबा कुटं दिसत न्हाईत.”

बिरदेवनं आरशात पाहिलं. जीपमागून त्यानं स्वतः बांधलेलं चाकावरचं घर येत होतं. घर कसलं, अजून नुसता सांगाडाच. लोखंडी चेसिस, दोन चाकं, वर फळ्या आणि कमानींवर ताणलेली ताडपत्री. आत वाळूची पोती. माणसं आणि संसार मिळून होईल तेवढं वजन घालायचं आणि घाट एकदा उतरवून बघायचा, असं त्यानं काल सगळ्यांदेखत सांगितलं होतं. आता ताडपत्रीच्या कडेच्या फटीतून काळ्या घोंगडीचं टोक लोंबत होतं.

घोंगडी धुळाची होती. धुळा म्हणजे त्याचा बाप. सगळी हयात मेंढरांमागं गेलेला. घर बांधायला घेतलं तसं म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं होतं. “घोडं आदी लंगडतं, मग पडतं. लोखंड काय सांगत न्हाई,” असं म्हणून त्यानं चेसिसला बोट लावलं नव्हतं. आणि आता हा बाबा आत जाऊन बसला होता.

दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सगळं घर कोकणाच्या वाटेला लागायचं. यंदा अंजनाच्या मांडीवर दोन महिन्यांचं पोर होतं. ते थंडीवाऱ्यात घोड्यावर बांधून न्यायचं नाही, हा बिरदेवचा हट्ट. पलूसला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वर्कशॉपात तो वेल्डर होता. भावकी हसली. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणत त्यानं काम रेटलं.

पण जीपला जोडायचा दांडा चेसिसला जिथं मिळतो तो सांधा कच्चा होता. नेमका तो जोडताना वीज मंदावली आणि वेल्डिंग आत शिरलंच नाही. भावकी भोवती उभी. सगळ्यांसमोर कापून पुन्हा जोडायची त्याला लाज वाटली. वरून एक थर दिला, घासला आणि लाल रंग मारला. पोत्यांनिशी घाट उतरला तर सांधा पक्का समजायचा. तुटला तर दरीत वाळू जाईल, आपल्या बापाचं काय जातंय, असं तो मनाशी म्हणाला होता.

आता दरीत वाळू एकटी जाणार नव्हती.

ब्रेक दाबावा तर मागचं सगळं वजन त्याच सांध्यावर रेटणार. न दाबावा तर गाडी सुटणार. पहिल्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून, तो खाली सरकू लागला. वळणावर मागं कर्र असं वाजलं. बिरोबाचं नाव घ्यायला गेला, तर ओठ हलेनात. मागून उसाचा ट्रक हॉर्न मारत होता, तो त्याला ऐकूसुद्धा आला नाही.

सपाटीला लागल्यावर त्यानं गाडी थांबवली आणि मागं धावला. ताडपत्री वर झाली. धुळा पोत्यांना धरून खाली उतरला.

“आबा, कशाला बसला? त्यो सांधा कच्चा हाय. मला म्हाईत हुतं.”

“मलाबी म्हाईत हुतं.”

“तुमाला कसं?”

“लोखंडातलं मला काय कळत न्हाई. तुझ्यातलं कळतं. समदीकडं बघून रंग दिलास. तितं मातूर मान फिरवून दिलास.” म्हाताऱ्यानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. “पोती खाली पोचली असती, तर परवा अंजनाला अन् लेकराला बसवलं असतंस. नव्या पान्यात आदी थोरलं मानूस उतरतं रं. आपली रीत हाय ती.”

बिरदेवला ते डोळ्यांसमोर दिसलं. दरसाल नदीकाठी बाप आधी पाण्यात शिरायचा. छातीपर्यंत जायचा, परत यायचा, मग मेंढरांना हाळी. कोकरं आणि लेकरं सगळ्यांत शेवटी. त्याला रडू कोसळलं. बापानं त्याला रडू दिलं.

त्यानं म्हाताऱ्याला पुढं शेजारी बसवलं आणि माणसाच्या चालीनं जीप वर्कशॉपात नेली. मालक रायगोंडाअण्णा सांध्याभोवती फिरून आले. रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता.

“घाट उतरून आलेला सांधा कापतोस व्हय रं?”

बिरदेवनं कटर चालवला. सांधा उघडला. आत नखाएवढं लोखंड धरून होतं, बाकी सगळा रंग. धुळा वाकून बघत होता, तो तिथंच मटकन खाली बसला.

फोन वाजला. अंजना होती.

“आबा घावलं का? अन् आपलं घर? उतरलं का घाट?”

“न्हाई अजून,” बिरदेव म्हणाला. “आबा तेवढं उतरल्यात.”