मागची स्प्रिंग

मेकॅनिकने मोटारसायकलच्या पुढच्या दिव्यावर चिकटपट्टीची फुली मारली. "काच फुटलीच तर ट्रॅकवर पसरू नये म्हणून," तो म्हणाला. काकांनी मान डोलावली. त्यापलीकडे फारशी हालचाल त्यांना करता येत नव्हती, कारण रायडिंग स्कूलने दिलेला चामड्याचा सूट पोटावर असा बसला होता की श्वास घ्यायचा तरी आधी विचार करावा लागे. आजूबाजूची पोरं आपापल्या चकचकीत गाड्या पुसत होती आणि मधूनच इकडे बघत होती. चष्म्याचं दुकान चालवणारा, साठी उलटलेला माणूस रोजच्या वापरातली गाडी घेऊन इथे कशाला आला, हे विचारायला मात्र कोणी धजत नव्हतं.

ते त्यांच्या मुलीला ठाऊक होतं. ती त्यांच्या मागोमाग कारने आली होती. पंधरवड्यापूर्वी बाबा घराजवळच्या वळणावर, चांगल्या कोरड्या रस्त्यावर पडले. त्याआधीही एकदा पडता पडता वाचले होते. "वय झालंय तुमचं. एक तर वळण घ्यायला नीट शिकून घ्या, नाहीतर गाडी विकून टाकू," तिने बजावलं होतं. ते मुकाट्याने शिकायला तयार झाले, याचंच तिला नवल वाटलं होतं.

मेकॅनिक आता आरसे काढायला लागला. डाव्या आरशाशी तो थबकला. "काका, हा असा आत का वळवलाय? यात मागचा रस्ता दिसणारच नाही."

"रस्ता नाही, आई दिसायची त्यात," मुलगी म्हणाली. "मागे बसल्या बसल्या डुलकी काढायची ती. मान कलंडताना दिसली की बाबा गाडी थांबवून तिला चहा पाजायचे." हसत सुरू केलेलं बोलणं तिला हसत संपवता आलं नाही. "वर्ष होत आलं तिला जाऊन."

मेकॅनिकने आरसा सोडवला, फडक्याने पुसला आणि तिच्याकडे दिला. तिने तो पर्समध्ये ठेवला. मग त्याने मागच्या सीटवर दोन्ही हात टेकून गाडी दाबून पाहिली. गाडी ढिम्म. अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा कुठे ती जेमतेम हलली. तो खाली वाकला, मागची स्प्रिंग निरखली आणि उठून हात झटकले.

"सापडलं. ही दोघांच्या वजनाला आवळलेली आहे. एकटा माणूस बसला की मागचं चाक रस्त्यावर धड टेकत नाही, उडत राहतं. वळणावर सुटणारच. कोणीही पडला असता, काका. वयाचा काही संबंध नाही."

मुलीला एकदम हलकं वाटलं. "ऐकलंत ना, बाबा? नुसती स्प्रिंग होती."

काकांच्या चेहऱ्यावर काहीच बदल झाला नाही. "माहीत आहे," ते म्हणाले. "मीच आवळली होती. खड्ड्यांत तुझ्या आईच्या पाठीला हिसके बसायचे."

"माहीत होतं? मग सैल का नाही केलीत? त्यानेच पडलात ना तुम्ही?"

"फार नाही लागलं."

त्यांच्या कोपराची जखम तिने स्वतः धुतली होती. तिला त्यांचा संतापही आला आणि तिथेच त्यांना धरून रडावंसंही वाटलं.

"राहू द्या तशीच," काका मेकॅनिकला म्हणाले. "मी हळू चालवीन."

"अशी ट्रॅकवर नाही सोडता येणार, काका. आणि खरं सांगू का, रस्त्यावरही नेऊ नका."

"बाबा," मुलगी म्हणाली, "आई गेली. आता तुम्हीही गेलात तर मी माहेर म्हणून कुणाकडे यायचं?"

मेकॅनिक पाना घेऊन वाकला, तशी काकांनी हात पुढे केला. "द्या इकडे. मी करतो."

सूट करकरवत ते गुडघ्यावर बसले. स्प्रिंग आवळून धरणारी कडी ते एकेक घर सैल करत मागे आणत होते आणि प्रत्येक घरानंतर थांबत होते. पहिल्या तुकडीच्या गाड्या सुरू झाल्या, ट्रॅककडे निघूनही गेल्या. मेकॅनिकने घाई केली नाही. शेवटचं घर उतरल्यावर काकांनी पाना पुसून परत केला.

"आता बसा. दोन्ही पाय वर घ्या. ताई, तुम्ही समोरून हँडल धरा, मी मागून दाबून बघतो. मग किती दबते त्याचं माप घेऊ."

काका बसले. समोर हँडल धरून मुलगी उभी राहिली. मेकॅनिकने मागच्या सीटवर हात ठेवले आणि भार टाकला. गाडी मागून हळूच खाली गेली, वर्षभरात गेली नव्हती तशी.

काकांची नजर डावीकडे, आरशाच्या मोकळ्या जागेकडे गेली.

"बसलीस?" त्यांनी विचारलं.

मुलीचे दोन्ही हात हँडलला गुंतलेले, तिला डोळे पुसता येईनात. माप घ्यायची पट्टी मेकॅनिकच्या खिशातच राहिली. त्याला सीटवरचे हात उचलवेनात.