बाजीराव सर पळाले

"पळाले," शरीफा म्हणाली. "पनवेलच्या कॉलेजच्या पोरींना शिकवतायत. माझ्या भावानं काल डोळ्यांनी बघितलं."

गुडघ्याला पट्टी गुंडाळता गुंडाळता प्राचीचा हात थांबला.

कबड्डीचा उपांत्य सामना चार दिवसांवर आला होता. नेरूळच्या कॉलेजच्या मैदानावर बारा मुली नुसत्या उभ्या होत्या. आठवडाभर त्यांच्यावर कुणी ओरडलं नव्हतं. प्राचार्यांनी एवढंच सांगितलं होतं, "बाजीराव यापुढे येणार नाहीत. कारण विचारू नका."

कारण आता कळलं.

तीन वर्षं या माणसाने त्यांना भर उन्हात मैदानाच्या वीस-वीस फेऱ्या मारायला लावल्या होत्या. यंदा करंडक आणायचाच, असं त्यानेच सगळ्यांना बजावलं होतं. प्राची कर्णधार होती आणि तिचं हे शेवटचं वर्ष होतं. साखळीतले सगळे सामने जिंकून झाले, आणि ऐन वेळी हा माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

घरी तिने सांगितलं तेव्हा बाबा तिच्याहून जास्त भडकले. नंदकुमार बेलापूरला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, कधी आवाज न चढवणारे. पण त्यांनी हातातला चहाचा कप आपटलाच.

"मला तो माणूस आधीपासून पटत नव्हता. या घरात त्याचं नाव काढायचं नाही. आणि त्याला भेटायला-बिटायला जायचं नाही, सांगून ठेवतो."

"जाब नको विचारायला?"

"कशाला? लायकी कळली ना त्याची? बास. तूही सोड आता ती कबड्डी. रविवारी चिपळूणची मंडळी बघायला येतायत. त्यांच्यासमोर काय सोललेली ढोपरं घेऊन बसणार?"

"कप आणल्याशिवाय मी सोडणार नाही, बाबा."

बाबा पेपर उघडून बसले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. आपल्यासाठी बाबांचं रक्त एवढं उसळलं, याचंच प्राचीला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कुणालाही न सांगता एस.टी.ने पनवेलला गेली.

बाजीराव सर मैदानाच्या मध्यरेषेजवळ उभे होते. तिला पाहताच त्यांनी तोंडातली शिट्टी काढली आणि दोन पावलं मागे सरकले.

"तू इथे का आलीस?"

"तुमचं तोंड बघायला."

"एकटीच आलीस?"

"का? घाबरलात?"

सरांनी मागे वळून पाहिलं. नव्या मुली खेळ थांबवून बघत होत्या.

"हळू बोल, प्राची."

"का म्हणून हळू बोलू? सांगू या मुलींना, तुम्ही काय केलंत ते?"

सरांचा चेहरा पांढरा पडला. ज्यांच्या एका हाकेसरशी अख्खा संघ ताठ उभा राहायचा, त्यांनी चक्क हात जोडले.

"नको. एवढं करू नकोस. मलाही दोन मुली आहेत गं."

"हे आधी नाही आठवलं?"

"मी तुझं काय वाईट केलं होतं? एकदा खरं सांग."

प्राचीचं डोकंच फिरलं. "हे तुम्ही मला विचारता? लाज नाही वाटत? आम्ही कप घेऊन फोटो काढू तेव्हा त्यात तुम्ही नसाल. लक्षात ठेवा."

 सरांची नजर जमिनीवरून हलेना. खोटा माणूस असाच खाली बघतो, असं म्हणत ती तिथून निघाली. परतीच्या गाडीत तिच्या मुठी आवळलेल्याच होत्या.

उपांत्य सामना त्यांनी मारला. रविवारी चिपळूणची मंडळी आली तेव्हा प्राची मैदानावर होती. मंडळी चहा पिऊन निघून गेली. बाबांनी चार दिवस तिच्याशी बोलणंच टाकलं.

अंतिम सामना नेमका पनवेलशी पडला. प्राची दात-ओठ खात मैदानात उतरली आणि समोरच्या बाकाकडे पाहिलं. बाजीराव सर तिथे नव्हते. शरीफा पनवेलच्या मुलींकडे चौकशी करून आली.

"तुझ्याच नावानं खडे फोडतायत त्या. तू जाऊन आलीस ना, दुसऱ्या दिवसापासनं सर आलेच नाहीत म्हणे."

"तिथूनही पळाला!" प्राची थुंकली. "दोन-दोन संघ वाऱ्यावर सोडले. शरम नाही त्याला."

शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडे सारखे गुण होते. प्राची चढाईला गेली. दोघींनी तिचा घोटा धरला, तिसरी पाठीवर पडली. त्या ओझ्यासकट ती कोपरांवर सरपटत निघाली आणि तिची बोटं मध्यरेषेला लागली. मुलींनी तिला खांद्यावर घेतलं तेव्हा तिच्या दोन्ही कोपरांतून रक्त गळत होतं, आणि राग मात्र तसूभरही उतरला नव्हता.

सोमवारी प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. पेढा दिला. शिपायाला बाहेर पाठवून दार लावून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाळ, कप तर आणलासच. पण माझ्या लेखी तुझी खरी हिंमत वेगळीच आहे. मुलीसमोर हा विषय काढू नका, अशी तुझ्या वडिलांनी हात जोडून विनंती केली होती, म्हणून आजवर बोललो नाही. बाजीरावांनी एकांतात तुझ्याशी काय केलं, ते सगळं लिहून खाली सही करायची, हे सोपं नाही. ते तुझं पत्र वडिलांनी माझ्या हातात ठेवलं नसतं, तर तो माणूस आजही इथेच, तुमच्या मैदानावर उभा असता."