गोड पाण्याचं कार्ड

बासष्ट साली दर्यापूरजवळच्या शाळेत चारुशीलाबाईंनी नववीच्या मुलींकडून गावातल्या चाळीस विहिरींची माहिती कार्डांवर लिहून घेतली. कार्डाच्या कडेला प्रत्येक प्रश्नाचं भोक. उत्तर ‘हो’ असेल, तर ते कडेपर्यंत कापायचं. बाईंनी ‘गोड पाणी’च्या भोकांतून विणायची सुई घालून गठ्ठा हलवला, तशी कापलेल्या भोकांची पाच कार्डं सुईवरून सुटून पडली. मग ‘वैशाखातही टिकतं’ विचारल्यावर त्यांतलं एकच पडलं: वर्गातल्याच मनकर्णेच्या घरच्या विहिरीचं. तिचे डोळे चमकले. “‘सगळ्यांना खुली’ मी विचारू?” तिनं सुई घातली. कार्ड पडेना. “बाई, अडकलं का जी?” “नाही गं. ते भोक तूच कापलं नाहीस.” घरी तिनं वडिलांना, नत्थुजींना विचारलं, “बाबा, आपली विहीर सगळ्यायले काहून नाई?” “रीत हाय.” “कोनाची?” नत्थुजी उठून विहिरीपाशी गेले, आत डोकावले. मग म्हणाले, “वेशीबाहेरच्या बायायले सांग, सकाळी घागरी घेऊन या म्हना.”